हे खोबरं नाही

माझ्या लाडक्यांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला फ्रिजमधलं कैरीचं लोणचं दाखवत होते. तुमचं लक्ष मात्र लोणच्याकडे नव्हतंच. फ्रिजच्या दारातल्या वरच्या कप्प्यात प्लास्टिकचा एक चपटा डबा आहे आणि त्यावर निळ्या शाईने लिहिलंय, 'हे खोबरं नाही'. धाकटीने विचारलं, "मग काय आहे, आजी?" थोरला म्हणाला, "पण खोबरं नाही असं लिहायची वेळ कोणावर कशी येते?" दोन्ही प्रश्न चांगले होते. उत्तर मात्र फोनवर देण्याजोगं नव्हतं, म्हणून मी लोणच्याकडे वळले.

आता तुमच्या बाबांनी मला नवा फ्रिज पाठवायचं ठरवलंय. जुना न्यायला माणसं येतील, कप्पे भराभर रिकामे करतील आणि मी नेमकी त्या वेळी दारावर सही करत असेन. त्याआधी डब्यात काय आहे आणि तो कोणाचा, हे घरात माझ्याखेरीज कोणाला तरी ठाऊक असावं. म्हणून लिहिते आहे.

डबा बाईंचा.

यवतमाळच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवत असे आणि त्या वनस्पतिशास्त्र. त्यांचं नाव लिहीत नाही. कॉलेजात बाया पुष्कळ होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच. निवृत्तीनंतर त्या आमच्या समोरच्याच घरात राहायला आल्या, एकट्या. माहेर महागावकडचं. वर्गात त्या पुस्तकी इंग्रजीत सुरुवात करत, पण रंगात आल्या की तिकडच्या बोलीत शिरत; दाराबाहेर तर बोलीच. मला त्या शेवटपर्यंत 'इंग्लिश मॅडम' म्हणत.

मला कोणतीही गोष्ट क्रमाने सांगायची सवय आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण बाई काही केल्या क्रमाने आठवत नाहीत. आठवते ती आधी त्यांची कापडी पिशवी. तिच्यात पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, छोट्या प्लास्टिकच्या थैल्या आणि एक पोह्याचा चमचा. जिथे जातील तिथली चमचाभर माती घ्यायच्या. देवळाच्या आवारातली, एसटी स्टँडामागची, कोणाच्या तेराव्याला गेल्या तर त्यांच्या परसातली. आमच्या शेजारच्या लग्नात नवरीकडची सगळी मंडळी वरातीच्या वाटेकडे डोळे लावून उभी असताना बाई मांडवाच्या खांबाशी उकिडव्या बसलेल्या मी पाहिल्या आहेत. यजमान घाबरून म्हणाले, "काही पडलं का, बाई?" बाई म्हणाल्या, "पडलं नाई. सापडलं."

त्यांचा विषय मातीतल्या बुरशा. आपल्याकडे बुरशीला बुरा म्हणतात. होळीच्या आदल्या दिवशी पोरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, 'बुरा न मानो'. बाईंनी ते वाचलं, 'न' तेवढा डस्टरने पुसला आणि म्हणाल्या, "बुऱ्याले मानलंच पायजे." मग तासभर बुऱ्यावरच बोलल्या. विभागाबाहेर उभं राहून मीही ऐकलं. शेक्सपियरचा माझा वर्ग त्या दिवशी उशिरा सुरू झाला.

त्या काय सांगायच्या ते माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर माझं. मूठभर मातीत इतके जीव राहतात की यवतमाळ शहर त्यापुढे ओस वाटावं. सगळे भुकेले, आणि खायला थोडं, एखादं सडकं मूळ किंवा वाळलेलं पान. पळता येत नाही, चावता येत नाही. म्हणून बुरशी आपल्या अंगातून काही रसायनं बाहेर सोडते. ती आजूबाजूच्या ओलाव्यात झिरपतात, काही तर वासासारखी हवेतून जातात, आणि जवळ आलेल्या दुसऱ्या जीवाची वाढ थांबते. "मातीत जो बोलत नाई, तो वास सोडते," हे त्यांचं आवडतं वाक्य. तेच रसायन थोडं असेल तर शेजाऱ्यासाठी नुसता इशारा ठरतं, जास्त असेल तर त्याला मारतं. याला त्या म्हणत, "थोडं असलं तं खाकरणं, जास्त असलं तं शिवी."

गेल्या थंडीत धाकटीचा घसा सुजला तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, आठवतं? तसल्या कितीतरी औषधांचं मूळ अशाच बुरशांत आणि मातीतल्या इतर सूक्ष्म जीवांत आहे. कोणी त्याला निसर्गाची देणगी म्हटलं की बाई चिडायच्या. "देणगी कायची? थे आपल्यासाठी बनवतच नाईत. थे शेजाऱ्याले हाकलाले बनवतात. आपण मधातल्या मधात बरे होतो."

हे डोळ्यांनी बघायचं तर काचेच्या बशीत. बशीत बटाट्याच्या पाण्याची घट्ट खीर ओतायची, एका कडेला एक बुरशी लावायची, समोरच्या कडेला दुसरी. दोघी वाढत वाढत एकमेकींकडे सरकतात आणि मध्येच थबकतात. दोघींमध्ये एक मोकळा पट्टा राहतो, जिथे कोणीच उगवत नाही. पुस्तकात त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. बाई त्याला धुरा म्हणत.

धुरा म्हणजे दोन शेतांमधली हद्द. नांगर न लागलेला गवताचा पट्टा. आपल्या जिल्ह्यात सख्खे भाऊ सोन्यासाठी भांडणार नाहीत इतके धुऱ्यासाठी भांडतात. बाईंचे विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांचे. हा एक शब्द ऐकला की त्यांना सगळा धडा समजत असे. परीक्षेतही काही जण 'धुरा' असंच लिहीत आणि बाई पूर्ण गुण देत.

बाईंची सर्वांत लाडकी बुरशी खऱ्याखुऱ्या धुऱ्यावरच सापडली होती, बाभुळगावकडे, दोन भावांच्या शेतांमध्ये. तुरीला मर नावाचा रोग येतो. तोही एका बुरशीमुळेच. ती मुळातून आत शिरते आणि हिरवं झाड उभ्या उभ्या वाळतं. त्या दोन्ही शेतांत मर होता, पण धुऱ्यालगतच्या ओळी तेवढ्या तगल्या होत्या. बाईंनी तिथली माती आणली. तिच्यातून हिरवट रंगाची एक बुरशी निघाली. तिने बशीत मरच्या बुरशीपुढे असा रुंद धुरा पाडला, आणि मग तो ओलांडून पलीकडचीलाच खाऊन टाकलं. तिला वास होता ओल्या खोबऱ्याचा. तिच्या जातीतल्या काहींना तो असतोच. तो वास म्हणजेच तिने हवेत सोडलेलं एक रसायन.

बाई ती बुरशी घरी वाढवायच्या, प्रेशर कुकर आणि ती खीर घट्ट करणाऱ्या चायना ग्रासच्या भरवशावर. मृगाच्या आधी ओळखीचे शेतकरी येत आणि शेणखतात कालवायला ती घेऊन जात. फुकट. चहा मात्र त्यांनी बाईंच्या हातचा प्यायलाच पाहिजे, आणि तो प्यायला धीर लागे.

आता फ्रिजवर येते. कोरोनानंतरचा एक मे महिना. आपलं ऊन तुम्ही सुट्टीत अनुभवलं आहे. बाईंचा फ्रिज बंद पडला. बुरशी जपून ठेवायच्या काचेच्या नळ्यांपैकी कॉलेजात ठेवलेल्या, त्या निवृत्त झाल्यावर साफसफाईत गेल्या होत्या. उरलेल्या सगळ्या नळ्या एका डब्यात घालून, ओला टॉवेल गुंडाळून त्या आमच्याकडे आल्या. "तुमच्याकडे इन्व्हर्टर हाये, मॅडम. चार दिवस ठेवा." मी डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि बाजारात गेले.

तुमची पणजी तुम्हाला नीटशी आठवत नसेल, तुम्ही फार लहान होतात. माझ्या सासूबाई नव्वदीच्या जवळ आल्या होत्या, तरी फ्रिज त्यांच्या ताब्यात. त्यात शिळं काही राहिलेलं त्यांना खपत नसे. त्यांनी डबा उघडला. काचेच्या बारक्या नळ्या, वर कापसाचे बोळे, आत पांढरट वडीसारखं काहीतरी आणि त्यावर हिरवा बुरा. बोळा काढून हुंगलं तर खोबरं. त्यांनी ठरवलं की सुनेने कुठल्या तरी नव्या तऱ्हेच्या खोबऱ्याच्या वड्या आणल्या आणि ती विसरली. मी परत आले तेव्हा सगळ्या नळ्या उकळत्या पाण्यातून काढून, राखेने घासून, ओट्यावर उपड्या घातलेल्या होत्या. चकाचक.

"नासलं होतं थे," सासूबाई म्हणाल्या. "खोबरं असं काचीत ठेवते का कोणी?"

मी त्यांना काय झालं ते सांगितलं. त्या पाटावर बसल्या.

बाईंना बोलावण्याशिवाय इलाज नव्हता. त्या आल्या, ओट्याकडे बघत उभ्या राहिल्या. मृग तोंडावर आला होता, माणसं येणार होती, आणि त्यांच्या इतक्या वर्षांच्या कामातली ती एकुलती जिवंत गोष्ट होती. मी काही बोलणार तोच त्यांनी एक नळी उचलली, उजेडात धरून फिरवली.

"माय," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "माह्या लॅबमधे इतकी साफ नळी कोणीच धुतली नाई. पोट्ट्यायले तुमच्याकडे शिकाले धाडाले पायजे होतं."

"मले फसवू नको, बुरशीबाई," सासूबाई म्हणाल्या. "म्या नासवलं तुहं."

"तुम्ही कुठी नासवलं? नासलेलं फेकलं. कोणतीही बाई तेच करन."

त्या घरी गेल्या. दार दिवसभर बंद होतं. सासूबाईंनी त्या दिवसापासून फ्रिजला हात लावणं सोडलं. पाणीसुद्धा मला मागत. ज्या सासूने माझं लग्न झाल्यापासून मला स्वतःच्या मनाने आमटीला फोडणी देऊ दिली नाही, ती आता विचारायची, "हे दूध विरजू का? का ठेवू तसंच?" मला ते बघवेना.

आणि मग एका सकाळी पिशवी खांद्याला लावून बाई दारात. "मॅडम, गाडी काढा. बाभुळगावले जायचं हाये."

धुरा आम्हाला ओळखू आला नाही. दोन्ही भावांनी दरवर्षी आपापल्या बाजूने जरा जरा आत नांगरून घेतला होता. एका बोरीच्या झाडाच्या आधाराने गवताची चिंचोळी पट्टी तेवढी राहिली होती. बाई तिथे बसल्या आणि चमचा काढला. दुरून दोघे भाऊ दोन दिशांनी धावत आले.

"कोन होय थे? धुऱ्यावर काय खोदून राह्यल्या?" थोरला.

धाकटा त्याच्याकडेच वळला. "मोजनीवाल्या आनल्या काय, दादा? मले न सांगता?"

"म्या कायले आनू? तुनंच आनल्या असतीन."

"माही बाजू बराबर हाये. मले मोजाची गरज नाई."

"गरज नाई म्हने. बोरीचं झाड कोनाच्या बाजूले होतं, सांग बरं यायले."

"कोणी आणलं नाई, बाप्पा," बाई बसल्या बसल्याच म्हणाल्या. "ओळखलं नाई का? मांगं आलती मी. मले जमीन नाई पायजे. चमचाभर माती पायजे."

दोघांनी चमच्याकडे पाहिलं. तो पोह्याचाच आहे याची खात्री झाल्यावर थोरला जरा निवळला. "कायले?"

"तुरीच्या मरचं औषध तुमच्या धुऱ्यातून निघालतं. थे सरलं. आता पुन्हा काढाचं हाये."

मग थोरला म्हणाला, "मंग माह्याकडची घ्या."

"काहून? माही माती सडली काय?" धाकटा म्हणाला.

बाईंनी एक चमचा थोरल्याकडचा घेतला आणि साखर मोजावी तसा बोटाने सपाट केला. दुसरा धाकट्याकडचा, तोही सपाट. तिसरा बोरीच्या बुडातून.

"मधातली कोनाची?" थोरल्याने विचारलं.

"मधातली माही," बाई म्हणाल्या.

पुढचे दिवस बाईंच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. बशांत नाना रंगांच्या बुरशा उगवल्या, आणि हिरव्या म्हणाल तर कितीतरी. एकीसारखी दुसरी. त्यातली खोबऱ्याच्या वासाची कोणती? एरवी बाईंनी झाकण किलकिलं करताच सांगितलं असतं. पण कोरोनाने त्यांचा वास नेला होता आणि तो परत आला नव्हता. मी पाहिलं, तर माझ्या सर्दीच्या नाकाला सगळ्याच बशा सारख्या. धुऱ्याची परीक्षा प्रत्येकीची घ्यायची तर मृग निघून गेला असता.

बाई बशांचा ट्रे घेऊन आमच्या घरात आल्या आणि थेट सासूबाईंच्या खोलीत गेल्या.

"माय, उठा. तुमचं नाक पायजे."

"मले काही नको विचारू," सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "म्या पुन्हा काही धुतलं तं?"

"धुवाचं नाई, हुंगाचं हाये. माहं नाक कोरोनानं नेलं. थे नळीतलं खोबरं हुंगलेली तुम्हीच एकट्या आता."

सासूबाई उठून बसल्या. बाई एकेका बशीचं झाकण जरासं उचलत आणि हाताने हवा त्यांच्याकडे ढकलत, नाकाशी नेत नसत. "तोंडापाशी आणू नका, दुरूनच," असं बजावलं होतं. सासूबाई डोळे मिटून मान हलवत.

"हे पावसातली भिंत." पुढची. "हे काहीच नाई." पुढची. "छी, हे काय ठेवलं, बुरशीबाई? मोरीचा वास."

"पुढं चला, माय."

अशा बऱ्याच गेल्या. मग एका बशीपाशी त्यांचे डोळे उघडले. त्यांनी पुन्हा हवा ओढली.

"हे होय थे. मोदकात घालतो तसलं. हे खोबरं."

"खोबरं नाई, माय," बाई म्हणाल्या, आणि त्या बशीच्या झाकणावर निळ्या शाईने फुली मारली.

त्या बशीतली बुरशी मरच्या बुरशीसमोर लावली. काही दिवसांनी मधोमध मोकळा पट्टा दिसू लागला. बाई बशी घेऊन सासूबाईंकडे आल्या. "पाहा, धुरा पडला." सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "आता यायचं भांडण मिटलं का?" बाई म्हणाल्या, "मिटलं नाई. म्हणून तं बरं हाये." पुढच्याच आठवड्यात हिरवी पट्टा ओलांडून पलीकडे गेली होती.

मी बाईंना विचारलं होतं, ही तीच का? त्या खोटं बोलू शकत नसत. म्हणाल्या, "तीच असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाई, मॅडम. पण तिच्या घरातली हाये." त्या वर्षी शेतकऱ्यांना थोडी उशिरा मिळाली, पण मिळाली. आणि सासूबाईंनी बशीतला धुरा पाहिला त्याच दुपारी फ्रिज उघडून मला बोल लावला की कोथिंबीर सडत ठेवली आहे. इतकं गोड बोलणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर बाईंनी एका घरात सगळं ठेवायचं नाही असा नियम केला. एक नळी त्यांच्याकडे, एक आमच्याकडे, एक बाभुळगावला. आमच्या डब्यावर त्यांनी स्वतः चिठ्ठी चिकटवली, 'हे खोबरं नाही'. सासूबाई कोणी पाहुणा आला की हटकून तो डबा दाखवत आणि सांगत, "मीच शोधली हे."

दोघे भाऊ अधूनमधून बाईंकडे येत, वेगवेगळे. प्रत्येकाला एकच जाणून घ्यायचं असे: ती कोणाच्या चमच्यातली? बाई चहा पुढे करायच्या. शेवटी मी एकदा म्हटलं, मला तरी सांगा. "तुमाले सांगितलं तं तुमच्या तोंडावर दिसन," त्या म्हणाल्या. "आणि ज्याची नाई तो उद्या नांगर घालन." तेव्हा मला कळलं की बशीतल्या धुऱ्याबरोबर त्या शेतातला धुराही राखत होत्या. दोघांनाही वाटतं की औषध आपल्या बाजूचं आहे, आणि म्हणून दोघेही त्या पट्टीला हात लावत नाहीत.

सासूबाई आधी गेल्या, बाई त्यानंतर दोन पावसाळ्यांनी. माझ्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा मान ज्या बाईने इतक्या सहज परत दिला, तिचे आभार मी नीट कधी मानले नाहीत. त्यांनी मानूही दिले नसते. त्याऐवजी शेवटच्या वर्षी मी त्यांच्याकडून बटाट्याचं पाणी करायला, नळ्या कुकरमध्ये शिजवायला आणि तापलेल्या तारेने बुरशी एका नळीतून दुसरीत न्यायला शिकले. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला हे जमेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पहिल्या नळ्या बिघडल्या. नंतरच्या बिघडल्या नाहीत.

तेव्हा नवा फ्रिज आला की पहिल्यांदा तो डबा त्यात जाईल, हे तुमच्या बाबांनाही सांगून ठेवा. बोरीखालची गवताची पट्टी अजून आहे. बाभुळगावची नळी तिथल्या थोरल्या भावाकडे आहे आणि तिच्यातून काढलेली एक धाकट्या भावाकडे. माझी फ्रिजच्या दारात, वरच्या कप्प्यात आहे. ती जिवंत आहे, आणि तिला खोबऱ्याचा वास येतो.